अर्भकाची रात्रीची झोप

अर्भकाची रात्रीची झोप : जन्मतः दिवसरात्र विखुरलेली बाळाची झोप पहिल्या वर्षात हळूहळू रात्रीभोवती एकवटत जाते. या बदलामागील शरीरशास्त्र आणि तो सुकर व्हावा म्हणून योजले जाणारे उपाय असे या विषयाचे दोन भाग पडतात. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत हे प्रमाण दिवसाची झोप धरून १२ ते १६ तास मानले जाते. एकूण झोप थोडीच घटते, बदलते ती तिची वाटणी. त्यामुळे बाळ रात्री झोपत नाही या तक्रारीचे मूळ बहुधा झोप अपुरी असण्यात नसून ती तुटक असण्यात असते.

नवजाताच्या झोपेचे सक्रिय आणि शांत असे दोन मुख्य प्रकार आहेत व सुरुवातीला जवळजवळ निम्मी झोप सक्रिय प्रकारची असते. या अवस्थेत मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे हलतात, श्वास कधी भरभर तर कधी थबकत चालतो, ओठ चोखल्यासारखे हलतात, चेहऱ्यावर हसू किंवा रडवेला भाव उमटून जातो आणि मधूनच कण्हल्यासारखा आवाजही येतो. प्रौढांतील डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रा हे याचेच पुढचे रूप होय. युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शिकागो येथून ही अवस्था जाहीर केली. या शोधाकडे नेणारी पहिली निरीक्षणे झोपलेल्या अर्भकांच्या डोळ्यांचीच होती. अर्भकाचे निद्राचक्र सुमारे ५० ते ६० मिनिटांचे, म्हणजे प्रौढांच्या सुमारे ९० मिनिटांच्या चक्रापेक्षा बरेच आखूड असते आणि चक्रांच्या सांध्यावर क्षणभर जाग येणे स्वाभाविक असते. सक्रिय झोपेतील चुळबुळ ही जाग समजून बाळाला लगेच उचलले, तर झोपलेले बाळ खरोखरच जागे होते. म्हणून हालचाल दिसताच मिनिटभर थांबून पाहावे, हा सल्ला साधा असला तरी त्याला भक्कम आधार आहे.

साधारण तीन महिन्यांपर्यंत बाळ जागेपणातून थेट सक्रिय, म्हणजे हलक्या झोपेत शिरते. कुशीत झोपलेले बाळ खाली ठेवताच टक्क जागे का होते, याचे स्पष्टीकरण पूर्वी यावरूनच दिले जात असे. जपानमधील २०२२ च्या एका अभ्यासात बाळांच्या हृदयगतीची नोंद घेतली असता, पाठ अंथरुणाला टेकते तो क्षण नव्हे, तर बाळाचे अंग पालकाच्या अंगापासून सुटू लागते तो क्षण जाग आणणारा ठरत असल्याचे दिसले. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे एकसारखे चालावे आणि ते झोपल्यावर पाच ते आठ मिनिटे बसून राहून मगच खाली ठेवावे, अशी रीत संशोधकांनी त्यावरून सुचवली. अभ्यासात केवळ २१ बाळे होती, हे ध्यानात ठेवूनही ही रीत निरुपद्रवी असल्याने करून पाहण्याजोगी आहे.

दिवसरात्रीचे भान बाळाला जन्मतः नसते. गर्भावस्थेत आईच्या शरीराची लय त्याला मिळत असते. जन्मानंतर ती तुटते आणि मेंदूतील अधोथॅलॅमसमधील जैविक घड्याळाला प्रकाशाच्या आधाराने स्वतःची लय बसवावी लागते. रात्री मेलॅटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक स्रवण्याची लय साधारण ९ ते १२ आठवड्यांच्या सुमारास दिसू लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती उशिरा येते. आईच्या रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. मात्र त्यामुळे बाळाची लय लवकर बसते, असे निश्चित म्हणण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही. दिवसा उजेडात बोलणे-खेळणे आणि रात्री मंद प्रकाशात, फार न बोलता दूध पाजणे व दुपटे बदलणे, एवढे या वयात पुरते.

सलग झोप कोणत्या निकषाने मोजावी यावर एकमत नाही, आणि पालकांच्या बऱ्याचशा चिंतेचा उगम येथेच असावा. मूर आणि उको या संशोधकांनी १९५७ च्या लंडनमधील अभ्यासात मध्यरात्र ते पहाटे पाच हा कालावधी धरला. त्यानुसार तीन महिन्यांपर्यंत ७० टक्के व सहा महिन्यांपर्यंत ८३ टक्के बाळांची झोप स्थिरावली होती. सुमारे १० टक्के बाळांची ती वर्षभरात कधीच स्थिरावली नाही. मुळातला निकष केवळ पाच तासांचा आहे, हे या आकड्यांसोबत सांगितलेच जाते असे नाही. न्यूझीलंडमधील २०१० च्या एका अभ्यासाने हाच निकष, सलग आठ तास आणि रात्री दहा ते सकाळी सहा असे तीन निकष शेजारी ठेवून पाहिले. झोप सर्वांत वेगाने पहिल्या चार महिन्यांत एकवटते असे त्यात आढळले. कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात मात्र सहा महिन्यांची सुमारे ३८ टक्के बाळे सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांत हे प्रमाण २८ टक्के होते, आणि अशा बाळांचा विकास मागे पडल्याचे दिसले नाही. रोज रात्री जागणाऱ्या आईबापांना हे ठामपणे सांगितले गेले पाहिजे.

अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञ थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात रात्रभराच्या चित्रणातून दाखवलेली गोष्ट या संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली मानता येईल. ‘चांगली झोपणारी’ बाळेही रात्री जागी होतात. फरक इतकाच की काही बाळे आपली आपण पुन्हा झोपतात, तर काही रडून मोठ्यांना बोलावतात. संध्याकाळी बाळ ज्या स्थितीत झोपी जाते, तीच स्थिती ते मध्यरात्री जाग आल्यावर शोधते. म्हणून तीन-चार महिन्यांनंतर बाळ पेंगुळलेले पण जागे असतानाच अंथरुणावर ठेवणे आणि झोपेआधीचा क्रम, उदाहरणार्थ अंग पुसणे, दूध, अंगाई, रोज तोच ठेवणे उपयोगी पडते.

बाळाला रडू देऊन झोपेची सवय लावण्याच्या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ लूथर एमेट होल्ट यांच्या १८९४ मध्ये प्रथम निघालेल्या मार्गदर्शिकेच्या आवृत्त्यांत सवयीने रडणाऱ्या बाळाला रडू द्यावे असा सल्ला आढळतो, म्हणून काहीजण त्यांना आद्य प्रवर्तक मानतात. परंतु होल्ट यांचा सल्ला शिस्तीविषयीचा होता. त्याला झोपेच्या अभ्यासाचा आधार नव्हता. वर्तनशास्त्रीय अर्थाने विलोपनाची, म्हणजे प्रतिसाद न देता एखादी सवय मोडण्याची, पहिली ठळक नोंद कार्ल विल्यम्स यांच्या एका मुलाविषयीच्या १९५९ च्या टिपणात सापडते. २१ महिन्यांचे ते मूल दीर्घ आजारातून उठलेले होते. पहिल्या रात्री ते ४५ मिनिटे रडले आणि दहाव्या खेपेपर्यंत रडणे थांबले. पुढे घरातील दुसऱ्या एका व्यक्तीने त्याच्या रडण्यासरशी खोलीत परतण्यास सुरुवात केली, तेव्हा सारे पूर्वपदावर आले आणि प्रयोग पुन्हा करावा लागला. दर खेपेला थोडे अधिक थांबून मगच जवळ जाण्याची क्रमशः पद्धत रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचली व त्यांच्याच नावाने ओळखली जाते; तथापि रोलायडर आणि व्हॅन हाउटन यांचा याच धर्तीचा शोधनिबंध १९८४ चा आहे. तेव्हा फर्बर यांना जनकापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक योग्य वाटते.

या पद्धतींचा उपयोग होतो का, यापेक्षा त्यांनी अपाय होतो का, हा वाद मोठा आहे. २००६ मध्ये ५२ अभ्यासांचा आढावा घेतला असता बहुतेकांत सुधारणा दिसली होती. २०१२ च्या एका लहान अभ्यासात रडणे थांबल्यावरही बाळांतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झाले नसल्याचे नोंदवले गेले. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून आलेल्या पाठपुराव्यात आठव्या ते दहाव्या महिन्यांत सौम्य पद्धती वापरलेली मुले सहा वर्षांची झाल्यावर इतरांपेक्षा भावनिकदृष्ट्या वेगळी आढळली नाहीत. फायदाही टिकून राहिला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी अशी शिकवण देण्यास मात्र पुरेसा आधार नाही. त्या वयातील रडणे भुकेचे किंवा जवळिकीच्या गरजेचे असू शकते आणि त्याला साद देणे हेच उचित.

झोपण्यापूर्वी पेज किंवा तत्सम घट्ट अन्न भरवल्याने बाळ रात्रभर झोपते, ही समजूत १९८९ च्या एका चाचणीत टिकली नाही. २०१८ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात तीन महिन्यांपासून वरचे अन्न घेणाऱ्या बाळांची झोप रात्री जास्तीत जास्त सुमारे १७ मिनिटांनी वाढलेली दिसली; एवढ्यासाठी सहा महिने केवळ स्तनपानाचा सर्वमान्य सल्ला बदलण्याचे कारण दिसत नाही.

झोप लांबवण्याचा कोणताही उपाय सुरक्षिततेच्या आड येता कामा नये. आकस्मिक अर्भकमृत्यूचा धोका दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. पालथे झोपवलेले बाळ अधिक गाढ झोपते, हे खरे; परंतु धोका वाढवणारी गोष्टही हीच असल्याचे मानले जाते. १९९० च्या दशकाच्या आरंभी बाळांना उताणे झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्यावर अनेक देशांत हे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. अंथरूण सपाट व घट्ट असावे. उशी, सैल पांघरूण व मऊ खेळणी जवळ नसावीत. डोके झाकू नये. आणि किमान सहा महिने बाळ पालकांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर असावे, अशी शिफारस अमेरिकन बालरोग अकादमी करते. एकाच अंथरुणावर झोपण्याविषयी मतभेद आहेत. स्तनपानाच्या दृष्टीने जेम्स मॅकेना यांसारखे मानववंशशास्त्रज्ञ त्याचे समर्थन करतात. मात्र सोफ्यावर बाळासह झोपी जाणे, तसेच धूम्रपान, मद्य वा गुंगी आणणाऱ्या औषधांनंतर बाळाला शेजारी घेणे अत्यंत घातक असल्याबद्दल दुमत नाही. गुंडाळलेले बाळ कुशीवर वळण्याची चिन्हे दाखवू लागताच गुंडाळणे बंद करावे. एकसुरी आवाज करणाऱ्या यंत्रांची पातळी काही वेळा कानाला अपायकारक असते. ती वापरलीच तर दूर व हळू आवाजात असावीत.

झोपेसाठी सर्दीची वा गुंगीची औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नयेत. बाळ रोज घोरत असल्यास, झोपेत श्वास अडखळत असल्यास, वजन वाढत नसल्यास किंवा त्याची झोप अचानक बिघडून सोबत ताप असल्यास त्याला डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री न्यावे.