कमरेखालचा ठोसा : दहा सेकंद की पाच मिनिटं?

26 ऑगस्ट 2023. पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या स्टेडियममध्ये पाचव्या फेरीत डॅनियल डुबॉइसचा उजवा ठोसा ओलेक्सांद्र उसिकच्या शॉर्ट्सच्या पट्ट्यावर बसला आणि हेवीवेट विजेता खाली कोसळला. रेफरी लुईस पाबोन यांनी तो लो ब्लो, म्हणजे कमरेखालचा अवैध ठोसा ठरवला. उसिकने जवळपास चार मिनिटं दम घेतला आणि नवव्या फेरीत डुबॉइसला नॉकआउट केलं. ठोसा नियमातच होता, असं डुबॉइसच्या गोटाचं म्हणणं राहिलं. जुलै 2025 मध्ये वेम्बलीला दोघे पुन्हा भिडले, उसिकने पाचव्या फेरीतच निकाल लावला, तरी पहिल्या लढतीचा वाद मिटलेला नाही.

लातूर-परभणीकडच्या कुस्तीच्या फडात वाढलेल्याला पंचांवरून होणारा गोंधळ नवा नाही. पाठ टेकली की नाही, यावरून 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पण तिथे प्रश्न एकच असतो. लो ब्लोमध्ये दोन असतात: ठोसा रेषेखाली होता का, आणि असेल तर त्याची किंमत कोणी मोजायची? ठोसा वैध ठरला तर पडलेल्याला उठायला दहा आकडे मिळतात आणि फेरी बहुधा 10-8 (मारणाऱ्याला 10 गुण, पडलेल्याला 8) अशी हातची जाते. अवैध ठरला तर त्याच माणसाला पाच मिनिटांपर्यंत विश्रांती मिळते. बोटभर अंतरावरून एवढा फरक पडतो, आणि तो ठरवायला रेफरीकडे क्षणभराचाच वेळ असतो.

आधी रेषेचं बघू. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ती नितंबाच्या हाडांच्या वरच्या टोकांपासून बेंबीतून जाते असं मानतात. शॉर्ट्सचा पट्टा त्याच्या वर जाता कामा नये. प्रत्यक्षात जांघ वाचवणारा आतला ग्रोइन गार्ड जाडजूड असतो. पुढे कडक वाटीसारखा कप आणि त्याभोवती ओटीपोट-कंबर झाकणारं पॅडिंग. त्यावरून चढवलेले शॉर्ट्स सहज चार बोटं वर सरकतात, आणि काही बॉक्सर ते मुद्दाम वर ओढतात, म्हणजे पोटावर बसलेला चांगला ठोसाही पट्ट्यावर बसल्यासारखा दिसतो. म्हणून जाणता रेफरी लढतीआधी ड्रेसिंग रूममध्ये दोन्ही बॉक्सरच्या कमरेला हात लावून सांगतो की मी इथपर्यंत ठोसा धरीन. हे काम तिथे राहिलं की रिंगमध्ये भांडण ठरलेलं.

जुन्या इंग्लंडात तर ही रेषा ठोशासाठी नव्हतीच. 1743 च्या ब्रॉटनच्या नियमांत कमरेखाली पकडायला मनाई होती, ठोशाबद्दल शब्द नाही. कमरपट्ट्याखालचा ठोसा हा फाउल, असं लंडन प्राइझ रिंगच्या नियमांत आलं. 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आणि तीन मिनिटांची फेरी आणली. त्यांत न आलेलं सगळं जुन्या सुधारित नियमांवर सोडलं. त्या काळी फाउलची शिक्षा साधी होती: मारणारा हरला.

आणि तिथेच कीड लागली. 2 डिसेंबर 1896 ला सॅन फ्रान्सिस्कोत बॉब फिट्झसिमन्सने आठव्या फेरीत टॉम शार्कीला आडवं केलं. रेफरी होते वायट अर्प, पश्चिमेतले गाजलेले बंदूकधारी कायदारक्षक. रिंगमध्ये उतरल्यावर त्यांच्याकडचं पिस्तूल पोलिसांनी काढून घेतलं होतं. त्यांनी कमरेखाली मारल्याचा ठपका ठेवून लढत आणि 10,000 डॉलर शार्कीला दिले. प्रकरण कोर्टात गेलं, पण अशा लढतीच शहरात बेकायदा म्हणून न्यायाधीशांनी दाद दिली नाही. दहा वर्षांनी, 3 सप्टेंबर 1906 ला, नेवाडातल्या गोल्डफील्डमध्ये जो गान्स 42 व्या फेरीत लो ब्लोवर जिंकला. तो मात्र लढतीतही वरचढ होता.

बॉक्सरांनी यातून एक गोष्ट पक्की ओळखली: हरतोय असं दिसलं की मांडीचा सांधा धरून लोळायचं. कुणी खरंच कळवळतोय की सोंग करतोय, हे बाहेरून ओळखणं फार अवघड. वृषणाच्या नसा पोटाच्या नसांशी जोडलेल्या असल्याने कळ पोटात चढते, मळमळतं, आणि बऱ्याचदा ती एक-दोन सेकंद उशिरा येते. उशिरा कोसळलेला सोंगाडीच असेल असं म्हणता येत नाही.

12 जून 1930 ला यांकी स्टेडियमवर हे टोकाला गेलं. रिकाम्या हेवीवेट किताबासाठी जॅक शार्की (1896 चा टॉम नव्हे) आणि मॅक्स श्मेलिंग. चौथ्या फेरीत शार्कीचा ठोसा खाली गेला, श्मेलिंग उठला नाही, शार्की बाद आणि श्मेलिंग बसल्या जागी जगज्जेता. जगाचा किताब असा वाटला गेल्यावर न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने नियमच उलटा केला: लो ब्लोवर लढत जिंकता येणार नाही, आणि कप घालणं सक्तीचं. जेम्स टेलर नावाच्या गृहस्थांनी आपला कप खपवण्यासाठी लोकांकडून स्वतःच्या जांघेत फटके मारून घेतले, इतकी तेव्हा त्याची चर्चा होती.

आजच्या अमेरिकेतल्या एकत्रित नियमांची मुळं इथेच आहेत. चुकून लो ब्लो बसलेल्याने जास्तीत जास्त पाच मिनिटांत उभं राहायचं. नाही राहिला तर तोच हरला. चुकून डोक्यावर डोकं आपटून जखम झाली तर तसं नाही: चार फेऱ्यांआधी लढत निर्णयाविना थांबते, नंतर गुण मोजतात. जखम डॉक्टरला दिसते, जांघेतली कळ दिसत नाही, म्हणून हा भेद. एप्रिल 2019 मध्ये आमिर खानला टेरेन्स क्रॉफर्डचा असाच ठोसा बसला. पाच मिनिटं पूर्ण न घेताच त्याच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली आणि सहाव्या फेरीतला टीकेओ (तांत्रिक नॉकआउट) क्रॉफर्डच्या नावावर लागला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं.

सोंगाचा फायदा संपला, पण मारणाऱ्याला स्वस्ताई झाली, असं आमचं मत आहे. आता त्याला रोखणारं एकच हत्यार आहे, गुण कापणं. एक गुण कापला की 10-9 ची फेरी 9-9 होते. हे हत्यार लवकर काढायला हवं, आणि नेमकं तेच होत नाही.

ऑगस्ट 2011 मध्ये लास वेगासला अब्नेर मारेस जोसेफ अग्बेकोला वारंवार कमरेखाली मारत होता. रेफरी रसेल मोरा तोंडी समज देत राहिले, एकही गुण कापला नाही. अकराव्या फेरीत अग्बेको उघड लो ब्लोवर पडला, तर मोरांनी आकडे मोजायला सुरुवात केली. नॉकडाउन! किताब देणाऱ्या आयबीएफ या संघटनेने लगेच पुन्हा लढत घ्यायला लावली. डिसेंबरमध्ये मारेस ती स्वच्छ जिंकला. उलट जुलै 1996 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रिडिक बोविरुद्धच्या लढतीत रेफरी वेन केली यांनी आंद्रे गोलोटाचे आधी गुण कापले, तरी तो थांबेना म्हणून सातव्या फेरीत बाद केला. गोलोटा तेव्हा गुणांवर पुढे होता. प्रेक्षक रिंगमध्ये घुसून मारामारी झाली, तरी निर्णय योग्यच होता. डिसेंबरच्या दुसऱ्या लढतीतही गोलोटा पुढे असताना नवव्या फेरीत तशाच ठोशांवर बाद झाला.

रेफरी चुकतो तो बहुधा उभा राहण्याच्या जागेमुळे. दोघांमधली फट दिसली पाहिजे. मारणाऱ्याच्या पाठीमागे अडकला तर हात दिसतो, ठोसा कुठे बसला ते दिसत नाही. दुसरं कारण मान दाबणं. एकाने दुसऱ्याची मान खाली दाबली की दबलेल्याचे पोटावरचे ठोसे आपोआप खाली उतरतात. तिथे समज दाबणाऱ्यालाही द्यायला हवी.

छत्रपती संभाजीनगरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात किंवा जिल्ह्याच्या हौशी स्पर्धांत खेळणाऱ्या मुलांना हिशेब वेगळा शिकावा लागतो. बनियन आणि शॉर्ट्स एकाच रंगाचे असतील तर कमरेला वेगळ्या रंगाचा पट्टा लागतो, तीच रेषा. लो ब्लो बसून बॉक्सर सावरत नसेल तर रेफरी आधी आठ आकडे मोजतो, मग फार तर दीड मिनिट देतो. मारणाऱ्याला ताकीद मिळते आणि तिसऱ्या ताकिदीला तो बाद. मुद्दाम आणि जोरात मारलेलं दिसलं तर पहिल्याच वेळी बाद. गार्डचे पट्टे मात्र हातमोजे चढवण्याआधीच घट्ट करून घ्यावेत. मोजे चढल्यावर बॉक्सरला ते स्वतः करता येत नाही, आणि खाली घसरलेला कप ठोसा बसला की स्वतःच मांडीच्या आत रुततो.