शिकारीण म्हणजे शिकाऱ्याची बायको का?

शिकार करणाऱ्या बाईला मराठीत काय म्हणायचं? शब्द आहे आपल्याकडे, शिकारीण, माळी-माळीण तसाच बनलेला, पण बोलताना तो फारसा कोणी वापरत नाही, 'महिला शिकारी' म्हणून मोकळे होतात. मला वाटतं ह्याचं कारण त्या -ईण मधेच आहे, कारण त्याचे दोन अर्थ होतात. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, पण कोळीण म्हटलं की डोळ्यासमोर येते ती स्वतः मासे विकणारी बाई. मग शिकारीण कोण, शिकाऱ्याची बायको की स्वतः भाला घेऊन जाणारी?

अगदी असाच गोंधळ उत्खनन करणाऱ्यांचा पण झाला होता. २०१८ मधे पेरू देशात विलामाया पात्खा इथे, जवळजवळ ३९०० मीटर उंचीवर, सुमारे ९००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. मांडीच्या हाडाजवळ दगडी हत्यारांचा ढीग, भाल्याची टोकं, कापायची पाती, कातडं खरवडायचे दगड, शिवाय कातडं कमवायला लागणारी लाल माती, आणि सगळं असं एकावर एक की जणू चामड्याच्या पिशवीत भरून ठेवलेलं आणि पिशवी तेवढी कुजून गेली. बघणाऱ्यांना वाटलं हा कोणी मोठा शिकारी असणार, म्हणजे पुरुषच.

हाडं खूप खराब झालेली, म्हणून मग दात तपासले. दाताच्या इनॅमलमधे एमेलोजेनिन नावाचं प्रोटीन असतं, ते एक्स आणि वाय क्रोमोसोमवरून थोडं वेगवेगळं बनतं आणि हजारो वर्षं टिकतं. वाय क्रोमोसोम फक्त पुरुषांत असतो, आणि इथे वायवालं मिळालंच नाही. ती १७ ते १९ वर्षांची मुलगी होती!

२०२० मधे हे छापून आलं, त्यात अमेरिका खंडातली इतर जुनी दफनं पण तपासली होती, मोठ्या शिकारीची हत्यारं जवळ असलेल्या २७ जणांपैकी ११ बायका निघाल्या. आता नुसती हत्यारं पुरली म्हणून शिकार केलीच असेल असं नाही, ही शंका रास्त आहे. पण फिलिपिन्समधल्या आग्ता नावाच्या आदिवासी जमातीच्या बायका कुत्री आणि धनुष्यबाण घेऊन रानडुक्कर, हरीण मारायच्या हे संशोधकांनी तिथे राहून नोंदवलंय, त्यामुळे बाईला हे जमत नाही असं म्हणायला जागाच उरत नाही.

वापरायचं म्हणाल तर सोपं आहे, विशेषण असेल तिथे शिकारी तसंच राहतं, शिकारी मांजर, शिकारी सिंहीण. पण पेरूतल्या त्या मुलीबद्दल लिहिताना मी तरी 'ती शिकारीण होती' असंच लिहिणार.