उपाध्यक्ष आणि उपराष्ट्रपती: आत्याचा गोंधळ

जुलै २०२४ मध्ये ट्रम्प यांनी उपाध्यक्षपदासाठी जे. डी. व्हान्स यांचं नाव जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात सांगलीहून आत्याचा फोन आला. "तुमच्या ओहायोचा मुलगा उपराष्ट्रपती होणार म्हणे. काय रे, वरचा एका पक्षाचा, खालचा दुसऱ्याचा, असं मत देता येतं का? आपण झेडपीला एक नि पंचायत समितीला एक देतो तसं?"

नाही येत. इथल्या कागदी मतपत्रिकेवर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही दोन नावं एकाच चौकटीत छापतात आणि काळा करायला लंबगोल एकच असतो. खालचा पसंत नसेल तर वरच्यावरही पाणी सोडायचं.

आपल्याकडचे उपराष्ट्रपती कुणाचे जोडीदार नसतात. त्यांना फक्त दोन्ही सभागृहांचे खासदार निवडतात. राष्ट्रपतींना मत देणाऱ्या आमदारांनाही तिथे मत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन मुंबईच्या राजभवनातून थेट त्या पदावर गेले, ४५२ विरुद्ध ३०० मतांनी. मुर्मू तेव्हा तीन वर्षांहून जास्त काळ राष्ट्रपती होत्या. त्यांनी कुणाला 'निवडलं', हा प्रश्नच नव्हता.

गोंधळ होतो त्याचं कारण दोघांची सभागृहातली खुर्ची. एक सिनेटमध्ये बसतो, दुसरा राज्यसभेत, आणि मतं समसमान पडली तरच स्वतःचं मत टाकतो. कमला हॅरिस यांनी ते ३३ वेळा टाकलं, हा विक्रम आहे. खरा फरक वरची खुर्ची रिकामी झाली की कळतो. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले, तेव्हा उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी फक्त हंगामी राष्ट्रपती झाले. सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते, आणि ती गिरींनाही लढवावी लागली. अमेरिकेत मात्र अध्यक्ष रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये वारले आणि उपाध्यक्ष ट्रूमन यांना उरलेली जवळजवळ चार वर्षं सरळ मिळाली. असे मध्येच वर चढलेले उपाध्यक्ष आजवर नऊ.

म्हणून इथला मतदार त्या दुसऱ्या नावावर एवढा उखडतो. माझे शेजारी निवृत्त शिक्षक, जन्माचे रिपब्लिकन. २९ ऑगस्ट २००८ ला त्यांच्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकेन यांनी आमच्याच राज्यात, डेटनला, सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदासाठी पुढे आणलं. मॅकेन यांचा तो बहात्तरावा वाढदिवस. पहिल्या दिवशी शेजारी खूश. पुढे टीव्हीवरच्या मुलाखती पाहून मात्र कुंपणापाशी म्हणाले, "बाईंवर माझा राग नाही, मॅकेनवर आहे. या वयात वारस नेमताना माणूस इतकी घाई करतो?"

मला वाटतं, त्यांनी नेमकं बोट ठेवलं. लोक बोलतात खालच्या नावाबद्दल, जोखतात वरच्याला.

पण नाक मुरडणारा प्रत्येक जण मत फिरवतोच असं नाही. १९८८ मध्ये थोरल्या बुश यांचे जोडीदार डॅन क्वेल यांची यथेच्छ टिंगल झाली, तरी बुश यांनी ४० राज्यं घेतली. आमच्या शेजाऱ्यांनीही दोन महिने कुरकुर करून शेवटी मॅकेनचाच लंबगोल काळा केला.

पुढे कधीतरी हे सगळं आत्याने ऐकून घेतलं. कारखान्याच्या निवडणुका पाहण्यात तिची हयात गेली आहे. म्हणाली, "म्हणजे पॅनेल टू पॅनेल म्हण की. आणि क्रॉस करायची सोयच ठेवलेली नाही!"