तापनियमन, प्राण्यांमधील

भोवतालची हवा कितीही तापली वा गारठली, तरी जीवनक्रिया सुरळीत चालतील अशा मर्यादेत शरीराचे तापमान राखणे म्हणजे तापनियमन होय. सस्तन प्राणी व पक्षी शरीरातच निर्माण होणाऱ्या उष्णतेवर आपले तापमान जवळजवळ स्थिर ठेवतात, म्हणून त्यांना नियततापी म्हणतात. म्हशीचे तापमान सुमारे ३८.५° से., तर कोंबडीचे ४१° ते ४२° से. असते. सरडे, साप, बेडूक व बहुतेक कीटक अनियततापी होत, म्हणजे त्यांचे तापमान भोवतालाप्रमाणे बदलते. त्यांना ‘थंड रक्ताचे’ म्हणण्याची रूढी आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे, कारण उन्हात शेकलेल्या सरड्याचे रक्त कित्येकदा माणसाच्या रक्ताइतकेच गरम असते.

शरीरातील उष्णता वहन (स्पर्शाने), अभिसरण (वाहत्या हवेबरोबर), प्रारण (किरणांच्या रूपाने) व बाष्पीभवन या चार वाटांनी बाहेर पडते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से.च्या पुढे जाते, तेव्हा हवा, जमीन व गोठ्याचे पत्रे अंगापेक्षा अधिक तापलेले असल्याने पहिल्या तिन्ही वाटांनी उष्णता उलट आत येऊ लागते आणि केवळ बाष्पीभवनाचाच आधार उरतो. घामाचे किंवा लाळेचे एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. त्यामुळे या जिल्ह्यात तापनियमनाचा प्रश्न मुळात पाण्याचा प्रश्न ठरतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पंढरपुरी म्हशीचे आहे. खिलार बैलाचे आखूड पांढरट केस ऊन परतवतात आणि त्याला घामही चांगला येतो, म्हणून तो उन्हात औत ओढू शकतो. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईबैलांपेक्षा पुष्कळच कमी असतात. म्हणून ती ओढ्यात वा डबक्यात शिरते आणि नाकपुड्या, डोळे व लांब शिंगे एवढीच पाण्याबाहेर ठेवून तासन् तास डुंबते. बाहेर आल्यावर पाठीवर राहिलेला चिखल नुसत्या पाण्यापेक्षा सावकाश वाळतो आणि भेगा पडून गळेपर्यंत अंग थंड ठेवतो. ओढे आटल्यावर हे काम पाण्याच्या बादलीने किंवा पाठीवर टाकलेल्या ओल्या गोणपाटाने करावे लागते. टंचाईच्या दिवसांत असे पाणी चैनीचे मानले जाते, ते योग्य नाही : रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतानाही उष्णता निर्माण होते, म्हणून तापलेली म्हैस वैरण कमी खाते आणि दूध आटते.

कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, त्यामुळे तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. मेंढीही धापा टाकते. तिच्या नाकात थंड झालेले अशुद्ध रक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याभोवतून वाहते आणि मेंदूकडे जाणारे रक्त निववते. भर दुपारी धनगराचा कळप एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभा राहतो. तेथे सावली जेमतेम डोक्यापुरतीच मिळते. पाठीवरचे ऊन लोकर अडवते.

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. ते चोच उघडून श्वास जलद करतात, काही जण गळ्याची कातडीही थरथरवतात. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालणारी टिटवी आणखी एक काम करते : पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती घरट्यावर परतते आणि अंड्यांवर सावली धरून त्यांना ओलावाही देते.

१९७९ साली माळढोकासाठी राखलेल्या सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानावर काळवीट सकाळ-संध्याकाळ चरतात व दुपारी सावली गाठतात. सरडा सकाळी दगडावर अंग शेकतो आणि ऊन चढताच झुडपाखाली सरकतो. घोरपड बिळात जाते. मातीत पुरून घेणारे काही बेडूक पाऊस पडेपर्यंत तेथेच निपचित राहतात. मधमाशा मात्र, प्रत्येकी अनियततापी असूनही, पोळ्यातील अळ्यांचा भाग ३४° ते ३६° से. राखतात. त्यासाठी कामकरी माशा पाण्याचे थेंब आणून पोळ्यात पसरतात आणि इतर माशा पंखांनी वारा घालून ते उडवतात.