पार्श्वभूमी : ब्लॅक सबाथची झाकोळलेली वर्षे

ब्लॅक सबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडविषयी आपल्याकडे जे थोडेफार बोलले आणि लिहिले जाते, ते बहुतेक दोनच कालखंडांबद्दल असते. एक म्हणजे १९७० च्या दशकातला मूळ चौघांचा काळ आणि दुसरा १९९७ नंतरचा, त्याच चौघांच्या पुनर्मीलनाचा. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बास), बिल वॉर्ड (ड्रम) आणि ऑझी ऑस्बोर्न (गायन) शेवटचे एका मंचावर आले आणि २२ जुलैला ऑझी यांचे निधन झाले, तेव्हा लिहिल्या गेलेल्या बहुतेक आठवणींनीही १९७९ वरून थेट १९९७ वर उडी मारली. नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या परिसरात जी मुले इलेक्ट्रिक गिटार शिकतात, त्यांच्या बोटांना सर्वांत आधी सबाथच्याच पहिल्या दोन-तीन अल्बममधले रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरबंध, बसतात. मात्र टोनी मार्टिन हे नाव त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेले असते. मार्टिन यांनी या बँडच्या पाच स्टुडिओ अल्बमवर गायन केले आहे. एवढे काम विस्मरणात जाण्यामागे त्याच्या दर्जापेक्षा बँडमधली माणसांची ये-जा आणि रेकॉर्ड कंपन्यांचे बदलते करार यांचा वाटा अधिक आहे, असे माझे मत आहे, आणि ही पार्श्वभूमी त्या दृष्टीने मांडली आहे.

बँडची सुरुवात १९६८ मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात झाली. कारखान्यांच्या या शहरात आयोमी सतराव्या वर्षी शीट मेटलच्या एका कारखान्यात काम करत होते आणि नोकरीच्या शेवटच्याच दिवशी प्रेसखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी प्रेस शॉपमध्ये काम केले आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे असतात ती याचसाठी, की रॅम, म्हणजे प्रेसचा वरून आदळणारा भाग, खाली येताना ऑपरेटरचा एकही हात डायमध्ये (साच्यात) राहू नये. आणि उत्पादनाचा आकडा गाठण्याच्या घाईत त्यातले एक बटण कायमचे दाबलेले ठेवणारी जागा जुन्या कामगारांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. आयोमी डावखुरे असल्यामुळे उजवा हात हा त्यांचा तारा दाबण्याचा हात होता. त्यांनी भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून तुटलेल्या बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले आणि बोटांना झेपतील अशा पातळ तारा लावल्या. पुढे तारांचा ताण आणखी कमी करण्यासाठी त्यांनी गिटार खालच्या सुरात लावली. हेवी मेटलचा जो जड, खर्जातला ध्वनी आज जगभर ओळखला जातो, त्यामागे ही दुखापत आहे. शिवाय, पुढच्या सर्व पडझडीत जो एकच माणूस बँड सोडून गेला नाही, तो हाच होता.

पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडमध्ये व्हर्टिगो या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या नाममुद्रेखाली, निघाला. अमेरिकेतले वितरण वॉर्नर ब्रदर्सकडे होते. पैसा येऊ लागला तसे व्यवस्थापनाचे वादही सुरू झाले. पॅट्रिक मीहन या व्यवस्थापकाशी संबंध तुटल्यानंतरची कोर्टकचेरी इतकी लांबली, की १९७५ च्या ‘सॅबोटाज’ या अल्बमचे नावच त्या अनुभवातून आले. याच काळात इंग्लंडमधले लेबलही हातोहात बदलत होते. १९७३ चा अल्बम डब्ल्यूडब्ल्यूएवर निघाला, १९७५ चा नेम्सवर आणि १९७६ मध्ये बँड पुन्हा व्हर्टिगोकडे आला. जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क मात्र बँडच्या हातात राहिले नाहीत, आणि त्याची किंमत १९८० मध्ये मोजावी लागली. नव्या गायकासह नवा अल्बम बाजारात आणल्यानंतर काही महिन्यांतच नेम्सने ऑझी यांच्या काळातल्या १९७३ च्या कार्यक्रमांचे मुद्रण ‘लाइव्ह ॲट लास्ट’ या नावाने, बँडची संमती न घेता, दुकानांत आणले. जुन्या सबाथची नव्या सबाथशी स्पर्धा रेकॉर्ड कंपनीनेच लावून दिली, असा हा प्रकार होता.

ऑझी यांनी १९७७ मध्ये एकदा बँड सोडला, १९७८ च्या सुरुवातीला ते परतले, आणि त्या वर्षीच्या अल्बमनंतर सगळे विस्कटले. चौघांचेही दारू आणि अमली पदार्थांचे व्यसन वाढले होते, नवी गाणी पुढे सरकत नव्हती, आणि एप्रिल १९७९ मध्ये ऑझी यांना बँडमधून काढण्यात आले. हा निरोप त्यांचे जवळचे मित्र बिल वॉर्ड यांना द्यावा लागला. रेनबो या बँडमधून आलेल्या रॉनी जेम्स डिओ यांनी त्यांची जागा घेतली आणि मार्टिन बर्च यांनी निर्मिती केलेला ‘हेवन अँड हेल’ एप्रिल १९८० मध्ये आला. डिओ यांचा आवाज ऑझींपेक्षा अधिक कमावलेला आणि विस्तृत पल्ल्याचा होता. गाणे रिफच्या मागे न जाता त्याच्यावर स्वार होऊ लागले. माझ्या मते बँडने एका आवाजाची दुसऱ्या आवाजाशी केलेली इतकी यशस्वी अदलाबदल रॉकच्या इतिहासात क्वचितच सापडते. वॉर्ड मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दौरा अर्धवट टाकून निघून गेले आणि विनी ॲपिसी ड्रमवर आले. ‘मॉब रूल्स’ (१९८१) या संचाने केला. त्यानंतरच्या थेट कार्यक्रमांच्या अल्बमचे मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांच्या आणि आवाजाच्या मुद्रणांचा मेळ घालण्याचे काम) चालू असताना आयोमी-बटलर एका बाजूला आणि डिओ-ॲपिसी दुसऱ्या बाजूला, असे गट पडून १९८२ च्या अखेरीस हेही पर्व संपले.

१९८३ मध्ये डीप पर्पल या बँडचे माजी गायक इयन गिलन आले, ‘बॉर्न अगेन’ झाला आणि पुढच्याच वर्षी डीप पर्पल पुन्हा उभे राहिल्यावर गिलन तिकडे परतले. वॉर्ड ध्वनिमुद्रणापुरते आले होते. दौऱ्यावर ड्रम वाजवले ते बेव्ह बेव्हन यांनी. स्टोनहेंजच्या शिळांचे जे नेपथ्य या दौऱ्यासाठी बनवले गेले, ते मापांच्या गोंधळामुळे इतके अवाढव्य झाले की बऱ्याच सभागृहांत ते मावेनाच. त्यानंतर १९८४ मध्ये बटलरही गेले.

इथून पुढचा काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बँड म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न इथे पहिल्यांदा कागदावर आला. आयोमी यांनी ग्लेन ह्यूज यांचा आवाज घेऊन जो अल्बम केला, तो त्यांच्या मनात स्वतःच्या नावाचा होता. वॉर्नर ब्रदर्स आणि व्यवस्थापक डॉन आर्डन यांना मात्र खपणारे नाव हवे होते. शेवटी जानेवारी १९८६ मध्ये ‘सेव्हन्थ स्टार’ बाहेर पडला तो ‘ब्लॅक सबाथ, सहभाग टोनी आयोमी’ अशा अर्थाच्या विचित्र श्रेयनामासह. ज्यांनी तो सबाथचा म्हणून घेतला त्यांना त्यात सबाथ सापडला नाही, आणि आयोमी यांचा एकल अल्बम म्हणून त्याची दखल कोणी घेतली नाही. दौऱ्याच्या तोंडावर एका हाणामारीत ह्यूज यांच्या चेहऱ्याला मार लागला, आवाज बसला, आणि मोजक्या कार्यक्रमांनंतर रे गिलन नावाच्या तरुण अमेरिकन गायकाला त्यांच्या जागी उभे करावे लागले.

या गिलन यांच्या आवाजात पुढचा अल्बम, ‘द इटर्नल आयडॉल’, जवळजवळ पूर्ण झाला होता. माँटसेरात बेटावर सुरू झालेले हे ध्वनिमुद्रण रखडत गेले, निर्माते बदलले, पैसे संपत आले आणि गिलन निघून गेले. तेव्हा बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिन यांना बोलावून तयार संगीतावर सगळी गाणी नव्याने गाऊन घेण्यात आली. दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधलेल्या चाली, दुसऱ्याने ठरवलेल्या जागा आणि हाताशी असलेला अत्यल्प वेळ, अशा अवस्थेत मार्टिन यांनी जे गायले ते नोव्हेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. गिलन यांच्या आवाजातली आवृत्ती २०१० मध्ये अधिकृतपणे उपलब्ध झाल्यामुळे आता दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. गिलन यांच्या आवाजात धग अधिक आहे, पण दीर्घ स्वरांवर मार्टिन अधिक स्थिर आहेत, असे मला वाटते. अल्बम फारसा खपला नाही. त्यानंतर व्हर्टिगो आणि वॉर्नर ब्रदर्स या दोघांशीही असलेले नाते संपले, आणि १९७० पासून ज्या नावावर या कंपन्यांनी कमावले, त्या नावाला नवे घर शोधावे लागले.

हे घर म्हणजे माइल्स कोपलँड यांची आयआरएस ही कंपनी. आर.ई.एम. या बँडला सुरुवातीच्या वर्षांत बाजारात आणणारी हीच कंपनी होती, पण तिचा पिंड हेवी मेटलचा नव्हता. आयोमी यांना तिथे संगीतापुरते पूर्ण स्वातंत्र्य मिळाले. ड्रमवर आणि सहनिर्माता म्हणून कोझी पॉवेल आले, एका गाण्यात क्वीन या बँडच्या ब्रायन मे यांनी गिटार वाजवली आणि एप्रिल १९८९ मध्ये ‘हेडलेस क्रॉस’ निघाला. पॉवेल यांचे भक्कम, मोकळ्या जागा सोडणारे ड्रमवादन आणि त्यावर मार्टिन यांचा चढा आवाज ही या काळाची खरी ओळख आहे. युरोपात अल्बमचे स्वागत चांगले झाले. अमेरिकेतला दौरा मात्र तिकिटांअभावी अर्ध्यावर सोडावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा संच सोव्हिएत संघात मॉस्को आणि लेनिनग्राड इथे वाजवून आला. १९९० मध्ये ‘टिर’ आला.

आपल्याकडच्या श्रोत्यापर्यंत हे काम का पोहोचले नाही, याचे उत्तर याच टप्प्यावर आहे. त्या काळात परदेशी बँडची कॅसेट नाशिकच्या दुकानात यायची, ती त्या परदेशी कंपनीचा भारतातल्या एखाद्या कंपनीशी करार असेल तरच. पॉलिग्राम समूहाचे संगीत इथे म्युझिक इंडिया काढत असे, नव्वदच्या दशकात वॉर्नरचे संगीत मॅग्नासाउंडकडून येई. लहान लेबलवर गेलेला बँड या साखळीबाहेर पडत असे. मेन रोडच्या दुकानांत सबाथच्या म्हणून ज्या कॅसेट मी पाहिल्या, त्या सगळ्या जुन्या चौघांच्या किंवा निवडक गाण्यांच्या होत्या. मार्टिन यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो मुंबईहून कोणीतरी भरून आणलेल्या कोऱ्या कॅसेटवर. आतल्या रेघी कार्डावर बॉलपेनने गाण्यांची नावे लिहिलेली होती, वादकांची नावे नव्हती, आणि गाणारा कोण यावर आमच्यात बराच वेळ तर्क चालले. पुढे मूळ आवृत्त्याच छपाईबाहेर गेल्या, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या श्रोत्यांचीही अवस्था फार वेगळी राहिली नाही.

यानंतरची पाच वर्षे येरझाऱ्यांची आहेत. डिओ आणि बटलर परतले, घोडा अंगावर पडून पॉवेल जायबंदी झाल्यामुळे ॲपिसीही परतले, मार्टिन यांना बाजूला व्हावे लागले आणि १९९२ मध्ये ‘डीह्युमनायझर’ आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे ऑझी यांच्या तथाकथित निवृत्तीच्या कार्यक्रमात सबाथने आधी वाजवावे असे ठरले. डिओ यांनी त्यास नकार देऊन बँड सोडला, दोन रात्री जूडास प्रीस्ट या बँडचे रॉब हॅलफर्ड गायले, आणि दुसऱ्या रात्री मूळ चौघे काही गाण्यांपुरते एकत्र आले. मार्टिन यांना पुन्हा बोलावले गेले. ‘क्रॉस पर्पजेस’ (१९९४) आणि ‘फॉरबिडन’ (१९९५) हे दोन अल्बम करून हा काळ संपला. ‘फॉरबिडन’ची निर्मिती बॉडी काउंट या बँडच्या अर्नी सी यांनी केली, त्यात रॅपर आइस-टी यांचा सहभाग होता, आणि ध्वनी इतका सपाट झाला की चांगली गाणीही झाकली गेली. पुढच्या वर्षी आयआरएस बंद पडली. १९९७ मध्ये मूळ संच एकत्र आल्यावर मार्टिन यांचा आवाज बँडच्या कार्यक्रमांतून नाहीसा झाला.

नाव कोणाचे, हा प्रश्न मात्र उरला होता. मराठी वाचकाला तो नवा नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणेशराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा जुने नाव मागे राहिले आणि प्रेक्षक गायकाबरोबर गेला. सबाथच्या बाबतीतही प्रेक्षक मोठ्या प्रमाणात ऑझी यांच्याबरोबर गेला होता. फरक इतकाच, की मागे राहिलेल्याने नाव सोडले नाही. २००६ मध्ये आयोमी, बटलर, डिओ आणि ॲपिसी पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी ‘हेवन अँड हेल’ हे वेगळे नाव घेतले. त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला तो केवळ मूळ चौघांच्या नावाने. २००९ मध्ये ऑझी यांनी नावाच्या मालकीवरून आयोमी यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. तोपर्यंत, १६ मे २०१० रोजी, डिओ यांचे निधन झाले होते.

आयआरएसच्या काळातले मार्टिन यांचे चार स्टुडिओ अल्बम अखेर ३१ मे २०२४ रोजी ‘ॲनो डॉमिनी १९८९-१९९५’ या संचातून पुन्हा बाजारात आले. त्यात ‘फॉरबिडन’चे मिक्सिंग आयोमी यांनी नव्याने करून घेतले आहे, आणि ड्रम व गिटार यांना मूळ आवृत्तीत नसलेले वजन आले आहे. ‘डीह्युमनायझर’ मार्टिन यांचा नसल्याने या संचात नाही, आणि ‘द इटर्नल आयडॉल’ आधीच्या लेबलचा असल्याने तोही वेगळाच मिळवावा लागतो. नव्याने ऐकणाऱ्याने ‘हेडलेस क्रॉस’पासून सुरुवात करावी, मग ‘क्रॉस पर्पजेस’ घ्यावा, कारण त्यात बटलर यांचा बास परत आला आहे, आणि ‘टिर’ त्यानंतर ऐकावा.