प्रतिपदेची कोर की बीजेची?

शिवछत्रपतींच्या राजमुद्रेत ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ असे आहे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मात्र बीजेची कोर म्हणतात. एका तिथीचा हा फरक गणितातूनच निघतो.

सूर्य-चंद्रांत १२ अंश अंतर पडले की एक तिथी पुरी होते. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाने चंद्र पश्चिमेला दिसू लागण्याची मर्यादाही १२ च अंश दिली आहे. हे कालांश, म्हणजे वेळेत मोजायचे अंश. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सूर्यामागून चंद्र मावळायला ४८ मिनिटे, नेमक्या २ घटका. थोडक्यात, प्रतिपदा सरते तेव्हाच कोर सहज दिसण्याजोगी होते. पंचांगात तिथी सूर्योदयाची धरतात. सकाळची प्रतिपदा दुपारी संपली, तर ‘चंद्रदर्शन’ प्रतिपदेच्याच रकान्यात छापलेले असते, पण संध्याकाळी असते ती द्वितीया. प्रतिपदा रात्रीपर्यंत लांबली, तर कोर दिसणे कठीण. बहुधा दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. राजमुद्रेतली रेषा ती, विरळा दिसणारी.

हे सारे गणित उज्जैनच्या मध्यरेषेवरचे, म्हणजे जुन्या ज्योतिषातल्या शून्य रेखांशावरचे. इंदूरच्या आणि तिच्या रेखांशात सुमारे ५ कलांचा (६० कलांचा एक अंश) फरक, म्हणजे घड्याळाची वीसेक सेकंदे. देशांतर संस्कार, म्हणजे रेखांशाची दुरुस्ती, इथे सोडला तरी बिघडत नाही. इंदुरात मराठी घरांचा महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा; शेजारच्या माळवी घरांचा पूर्णिमान्त, पौर्णिमेला संपणारा. आपली दिवाळीची अमावास्या आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. कोर दिसते तेव्हा मात्र दोघांकडेही कार्तिकच असतो.

चंद्रदर्शनापुढे ‘मु. ३०, साम्यार्घ’ असे छापतात, त्याचा उलगडा फार थोड्यांना असतो. जुन्या पद्धतीत नक्षत्रे सारख्या लांबीची नव्हती. भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती, ज्येष्ठा, शततारका ही १५ मुहूर्तांची. रोहिणी, पुनर्वसू, विशाखा आणि तिन्ही उत्तरा ४५ मुहूर्तांच्या. उरलेली १५ नक्षत्रे ३० मुहूर्तांची. दर्शनावेळी चंद्र १५ वाल्या नक्षत्रात असला तर महर्घ, म्हणजे धान्य महागणार; ३० ला साम्यार्घ, भाव स्थिर; ४५ ला समर्घ, स्वस्ताई. या भाकितावर व्यापार करू नये, पण नक्षत्रांच्या असमान विभागणीची ती खूण अजून छापली जाते, याचे मोल मोठे आहे.

पाहताना चूक होते ती दिशेची. फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग) इंदूरला जवळपास उभे असते. कोर मावळतीच्या वर, होडीसारखी आडवी दिसते. वराहमिहिरानेही कोरीच्या आकारांत नौ आणि नांगर मोजले आहेत. भाऊबीजेला क्रांतिवृत्त डावीकडे कललेले, क्षितिजाशी साधारण ४५ अंशांवर. सूर्य बुडाला तिथेच टक लावली तर कोर सापडत नाही. डावीकडे, खाली शोधावी. चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे अंतर, ५ अंशांपर्यंत असतो, त्याने जागा आणखी सरकते. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटे थांबावे. दुर्बीण घ्यायची तर सूर्य पूर्ण बुडाल्यावरच. समोर इमारती असतील तर गच्चीही पुरत नाही. पश्चिमेची बिजासन टेकडी बरी.

कोर दिसली की पदराची एक दशी ओढून चंद्राला वाहतात: ‘जुने घे, नवे दे.’ भाऊबीजेला आधी चंद्राला ओवाळायचे, मग भावाला. कोर कधी पाऊण तासातच मावळते, म्हणून निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता असे तबक दिवेलागणीपूर्वीच तयार ठेवावे.