नाव बदललं तरी गल्ली ओळखते

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईशी संशोधनासाठी घरातल्या मारहाणीबद्दल बोलायचं, तर पहिली अडचण जागेची. खोली एकच, दारात सासू, ओट्यावर सूप मांडीवर घेतलेल्या शेजारणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१च्या सूचना याबाबत कडक आहेत: एका घरातून एकाच बाईची मुलाखत, तीही एकांतात. घरच्यांना विषय ‘बायकांचं आरोग्य’ एवढाच सांगायचा. खरा विषय फक्त तिला, संमती घेताना. मध्येच कुणी आलं तर पाठदुखीचे, तंबाखूच्या धुळीचे प्रश्न तयार हवेत. विड्या जमा करायला ती कारखान्यात जाते, त्या वाटेवरची एखादी बालवाडी घरापेक्षा बरी.

मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे तासभर बोलणं म्हणजे तेवढी मजुरी बुडणं. ती भरून द्यावी, पण पैशांसाठीच होकार येईल इतकी रक्कम नको. हात चालू ठेवूनच बोलायचं म्हणाली तर रेकॉर्डर कात्रीपासून लांब ठेवावा, नाहीतर नेमकं हळू आवाजातलं वाक्य हरवतं.

बाई तेलुगू बोलणारी असेल तर दुभाषी त्याच गल्लीतली घेणं सोयीचं वाटतं. ती दुभाषी त्या बाईची नणंद निघाली की संपलंच. सहीचा कागदही घरात सापडू शकतो, म्हणून संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीच्या परवानगीने तोंडी संमती घ्यावी.

खरी कसोटी लिहिताना लागते. ‘तीन मुली, नवरा लूमवर, गर्भपिशवी काढलेली’ एवढ्यावर गल्ली तिला ओळखते, नाव काहीही ठेवा. मुलींची संख्या, नवऱ्याचं काम बदलता येतं. एकीची हकिकत दोन टोपणनावांत वाटताही येते. पण विडीच्या जागी टॉवेलची शिलाई घातली तर मजुरीचा आणि मारहाणीचा संबंधच पुसला जातो. असा बदल करण्यापेक्षा तो उतारा गाळलेला बरा.

गुप्ततेचं वचनही बिनशर्त देऊ नये. पोक्सो कायदा, २०१२च्या कलम १९नुसार बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यातून संशोधकाला सूट नाही. अठराच्या आतल्या विवाहित मुलीचं गरोदरपणही त्यात येतं. ही मर्यादा पहिल्या प्रश्नाआधीच सांगावी, भले समोरची गप्प बसो.

शब्दांकनाचा, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढण्याचा हिशेब बहुतेक जण विसरतात. तासाभराच्या मुलाखतीला चार ते सहा तास जातात, तेलुगूतून मराठीत आणायचं तर आणखी. मारहाणीची तीच वाक्यं मागे-पुढे करून ऐकणाऱ्या माणसासाठी समुपदेशनाचे पैसे संशोधनाच्या निधीच्या प्रस्तावातच मागून ठेवावेत. नंतर कुणी देत नाही.